सायकल काढा, कासच्या वाटेला लागा!

मैत्रिणींनो, तुमच्यापैकी किती जणी शाळा-कॉलेजला सायकलने जात होत्या? बहुतेक जणी मान हलवतील. आणि लग्नानंतर किती जणींनी सायकल हातात धरली? आता मात्र हात वर करणाऱ्या थोड्याच निघतील. माहेरची सायकल भाचीकडे जाते, नाहीतर माळ्यावर गंज खात पडते. पुढे दाराशी स्कूटर येते. तीही शाळा, क्लास, बँक, भाजी एवढ्याच फेऱ्यांसाठी. नुसतं हिंडायला म्हणून, आपल्याच पायांच्या जोरावर कुठं जाणं आपल्या दिवसातून कधी गळून पडतं, ते कळतसुद्धा नाही.

ते परत आणता येतं, हे सांगण्यासाठी हा लेखप्रपंच. सायकल एकदा आली की ती अंगातून जात नाही. चाळिशीला टेकलेल्या बाईलाही पंधरा मिनिटांत तोल परत सापडतो. अडचण तोलाची नसते, अडचण असते ती रस्त्याची. गावातली ट्रॅफिक, मागून येणारे कर्कश हॉर्न, डंपर आणि ट्रक ह्यांच्यात सायकल घालायची म्हटलं की पोटात गोळा येतो. मग शांत रस्ता आणायचा कुठून?

आम्हा सातारकर बायकांचं नशीब असं, की तो घराच्या पश्चिमेलाच आहे. यवतेश्वर, कास आणि खाली बामणोली ही ती वाट. तुम्ही म्हणाल, "अहो, कासला तर केवढी गर्दी!" खरं आहे. २०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटातल्या जागतिक वारशाच्या यादीत कास पठार घातलं आणि तेव्हापासून फुलांच्या दिवसांत तिथे गाड्यांची रीघ लागते. रोज किती माणसं आत सोडायची, ह्यावर मर्यादा घालावी लागली. पण ही गर्दी केव्हाची? ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीची, आणि तीही मुख्यतः शनिवार-रविवारची. नोव्हेंबरातल्या एखाद्या मंगळवारी सकाळी सात वाजता त्याच रस्त्यावर उभ्या राहा. दुधाची गाडी, एखादी एस.टी. आणि बुलबुलांचा कलकलाट, एवढंच.

म्हणजे शांतता जागेइतकीच वाराची आणि वेळेची असते. नोकरदार शहरी माणसाला रविवारच काय तो मोकळा. आपला रविवार मात्र पाहुण्यांत आणि साग्रसंगीत स्वयंपाकात जातो. मंगळवार-बुधवारची सकाळ हा सगळ्या डोंगराचा निवांत वेळ, आणि तो आपल्याला काढता येण्यासारखा आहे. फक्त त्यासाठी घराकडून एक सकाळ मागून घ्यावी लागते. त्याबद्दल पुढे बोलूच. आधी वाट पाहू.

पहिला टप्पा यवतेश्वरचा. समर्थ मंदिराच्या बाजूने गावाबाहेर पडलं की घाट सुरू होतो. चढण पाच-सहा किलोमीटरची. ह्या घाटात पहाटेपासून फिरायला, पळायला येणारे पुष्कळ असतात, त्यामुळे एकट्या बाईलाही अवघडल्यासारखं होत नाही. पहिल्या दोन-तीन वेळा इथूनच परतावं. गिअर असतील तर चढ लागण्याआधीच हलका गिअर टाकावा. साधी लेडीज सायकल असेल तर दम लागला की सरळ उतरावं आणि चालावं. त्यात कमीपणा कसला? निम्म्या घाटात वळून पाहिलं की समोर अजिंक्यतारा आणि त्याच्या पायथ्याशी पसरलेलं आपलं गाव दिसतं. त्यात आपलं घर शोधायला मोठी गंमत वाटते. श्रावणी सोमवारी मात्र यवतेश्वराच्या दर्शनाला गर्दी असते, तो दिवस टाळावा.

दुसरा टप्पा यवतेश्वर ते कास. साताऱ्यापासून कास साधारण पंचवीस किलोमीटर. घाट चढून आलं की रस्ता डोंगराच्या सोंडेवरून जातो, थोडा चढ, थोडा उतार. उजवीकडे खाली कण्हेर धरणाचं पाणी चमकतं, डावीकडे उरमोडीचं. सुरुवातीला हॉटेलं लागतात, पेट्री गाव मागे पडलं की झाडी दाट होत जाते. जांभूळ, हिरडा, अंजनी. उन्हाळ्याच्या तोंडाशी अंजनीला जांभळी-निळी फुलं लगडतात आणि मे महिन्यात करवंदांच्या जाळ्या काळ्या होतात. पठार मात्र उघडं. खाली जांभा दगड आणि वर मातीचा पातळ थर, त्यात मोठं झाड धरत नाही. पावसाळ्यात तेरडा, सोनकी, गेंद आणि सीतेची आसवं फुलतात ती ह्याच पातळ मातीवर. म्हणून एवढं करा, फुलं असोत वा नसोत, पठारावर सायकल घालू नका.

पठार ओलांडलं की गर्द झाडीत कासचा तलाव. साताऱ्याच्या बऱ्याच भागाला पाणी ह्याच तलावाचं. ते पंपाने नव्हे, उताराने आपसूक खाली येतं. वर्षानुवर्षं आपण ज्या पाण्यावर डाळ शिजवली, ते कुठल्या झाडीतून येतं हे एकदा डोळ्यांनी पाहावं, असं प्रत्येक सातारकर गृहिणीला मी सांगीन.

तिसरा टप्पा कास ते बामणोली. मला विचाराल तर सर्वांत शांत तोच. खाली कोयनेचा शिवसागर जलाशय आड येतो, त्यामुळे मालाचे ट्रक ह्या वाटेला फारसे फिरकत नाहीत. पाण्यापलीकडे वासोट्याचं जंगल. ते कोयना अभयारण्यात येतं आणि २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पातही. पण एक लक्षात ठेवा. कासहून बामणोली दहा-बारा किलोमीटर आणि जवळजवळ पाचशे मीटर खाली आहे. जाताना सायकल आपोआप पळते, येताना तेवढंच चढावं लागतं! सवय नसेल तर घरच्यांना दुपारी गाडी घेऊन बामणोलीला बोलवावं, नाहीतर तलावापासूनच मागे फिरावं.

आता घरची गोष्ट. मी पहिल्यांदा "उद्या सकाळी सायकलने यवतेश्वरला जाते" म्हटलं, तेव्हा सासूबाईंनी विचारलं, "कशासाठी?" त्या रागावल्या नव्हत्या, त्यांना खरोखरच कळत नव्हतं. दळण आणायला, मुलांना सोडायला बाई बाहेर पडते. देवाला जाते. डॉक्टरांनी वजन कमी करायला सांगितलं तर चालायलाही जाते. पण काहीच कारण नसताना दोन तास? "देवदर्शनाला" असं सांगून मी मोकळी झाले असते. यवतेश्वर देवस्थानच आहे! पण मग पुढच्या प्रत्येक खेपेला नवीन देव शोधावा लागला असता. म्हणून म्हटलं, "मला आवडतं म्हणून." त्यावर त्या काही बोलल्या नाहीत. डबे कोण भरणार हा प्रश्न तेवढा उरला. तो असा सुटला की बुधवारी डब्याची भाजी आदल्या रात्री चिरून ठेवायची, पोळ्या पहाटे मी लाटायच्या आणि डबे भरून मुलांना बसमध्ये बसवायचं ते ह्यांनी. पहिल्या आठवड्यात धाकटीच्या डब्यात लोणचं गेलंच नाही. तिने ते चालवून घेतलं. आता शेजारच्या दोघी माझ्याबरोबर असतात आणि परत आल्यावर सासूबाईच विचारतात, "आज कुठवर गेलात गं?"

ही नुसती हौस आहे, असं कुणी म्हणेल. पण १९९०नंतरच्या काही वर्षांत तामिळनाडूतल्या पुदुक्कोट्टई जिल्ह्यात साक्षरतेच्या मोहिमेबरोबर बायकांना सायकल शिकवली गेली. एक लाखावर बायका शिकल्या. पाणी आणायला, माल विकायला त्यांना बसची किंवा नवऱ्याची वाट बघावी लागेना, आणि त्यातून वाचलेला वेळ त्यांचा स्वतःचा झाला. आपल्याकडेही मानव विकास कार्यक्रमातून १२५ मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेसाठी सायकली दिल्या गेल्या. मी अर्धवेळ शिकवते त्या शाळेतही मुली सायकलींवरून येतात. लग्नानंतर ह्यांच्या सायकली कुठे जातील, असा विचार मनात येतोच. त्यांनी निदान एखादी बाई तरी चाळिशीत घाट चढताना पाहिलेली असावी.

निघण्यापूर्वी हे पाहा :

सीटची उंची. पेडल सर्वांत खाली असताना त्यावर टाच ठेवली तर पाय सरळ व्हायला हवा. सीट बुटकं असलं की गुडघे दुखतात, आणि मग दोष वयाला दिला जातो!

ब्रेक. घाटात जाण्याआधी दोन्ही ब्रेकचे रबर तपासून घ्या, झिजलेले असतील तर बदला. उतारावर दोन्ही ब्रेक वापरा, पण सतत दाबून धरू नका, थोडे दाबा, थोडे सोडा. मध्ये एकदा थांबून हातांना आणि रिमला विश्रांती द्या. वळणावर डावी बाजू सोडू नका आणि घंटी वाजवा.

कपडे. सलवारीचा घेर चेनमध्ये अडकतो, तो घोट्याशी बांधा. ओढणी कमरेला खोचा, नाहीतर घरीच ठेवा. हेल्मेट हवंच.

सोबतीला पंप, पंक्चरचं सामान आणि पान्हा. पंक्चर काढायला शिकणं स्वेटरची टाके-गुंफण शिकण्यापेक्षा अवघड नाही. खायला गूळ-शेंगदाणे किंवा दशमी, प्यायला मीठ-साखर घातलेलं लिंबूपाणी. वेष्टनं परत आणायची, बरं का!

उजाडल्याशिवाय निघू नका, कारण ह्या जंगलात गवे आहेत, बिबट्याही आहे. गवा दिसला तर लांब थांबा, तो जाईपर्यंत घंटी वाजवू नका. कुठवर जाणार आणि केव्हा परतणार ते घरी सांगून ठेवा, डोंगरात फोन लागेलच असं नाही. भर पावसात दाट धुकं आणि रस्त्यावर शेवाळ असतं. तेव्हा ऑक्टोबरअखेर ते फेब्रुवारी हे दिवस उत्तम.

आणि ज्या साताऱ्याच्या नाहीत त्यांनी काय करायचं? आपल्या तालुक्याचा नकाशा घ्या आणि जो रस्ता पुढे फारसा कुठे जात नाही, तो शोधा. एखाद्या धरणाशी, कड्याशी, डोंगरातल्या शेवटच्या गावाशी संपणारा. तिथून पलीकडे जाणारं कुणी नसतं, म्हणून वाहनं कमी. अकोले-संगमनेरकडच्या मैत्रिणींना शेंडीहून भंडारदऱ्याच्या जलाशयाकाठाने रतनवाडीला जाणारा रस्ता असाच मिळेल. तिथेही काजव्यांच्या दिवसांतले शनिवार-रविवार सोडून जावं. रतनवाडीचं अमृतेश्वराचं जुनं मंदिर पाहून परतावं.

सायकल माळ्यावर असेल तर ह्याच आठवड्यात खाली काढा. चेनला तेल, चाकात हवा, ब्रेकला नवे रबर. मग घरात सांगून टाका, की बुधवारची सकाळ माझी. कुणी "कशासाठी" विचारलंच, तर खरं ते उत्तर द्या. आणि तुमच्या गावाजवळची अशी शांत वाट कोणती, तेही आम्हाला जरूर कळवा.