इंग्रजी शब्दांतील मूक अक्षरे आली कोठून?

कर्ज या अर्थाच्या ‘डेट’ या इंग्रजी शब्दात लेखनात चार अक्षरे आहेत: डी, ई, बी आणि टी. यांपैकी ‘बी’चा उच्चार होत नाही, मात्र तो गाळला तर परीक्षेत गुण जातात. ‘डाउट’मधील ‘बी’, ‘रिसीट’मधील ‘पी’ आणि ‘आयलंड’मधील ‘एस’ यांचीही हीच गत आहे. इंग्रजी शिकणाऱ्या विद्यार्थ्याला ही अक्षरे निष्कारण छळणारी वाटतात. त्या प्रत्येकामागे इतिहास आहे. मात्र तो नेहमीच शहाणपणाचा नाही.

बोलणे बदलले, लेखन राहिले

मूक अक्षरांचा एक मोठा वर्ग पूर्वी खरोखर उच्चारल्या जाणाऱ्या अक्षरांचा आहे. सरदार या अर्थाच्या ‘नाइट’ शब्दातील आरंभीचा ‘के’ आणि मधले ‘जीएच’ हे एके काळी स्पष्ट ऐकू येत. ‘क्नेख्त’ या त्याच्या सगोत्र जर्मन शब्दाचा अर्थ ‘सेवक’ असा वेगळा असला, तरी त्यात हे ध्वनी आजही टिकून आहेत.

विल्यम कॅक्स्टन यांनी १४७६ मध्ये वेस्टमिन्स्टर येथे इंग्लंडमधील पहिला छापखाना सुरू केला. छपाईमुळे शब्दांची लिखित रूपे हळूहळू स्थिरावू लागली. नेमक्या त्याच काळात, साधारणपणे १४०० ते १७०० या तीन शतकांत, इंग्रजीतील दीर्घ स्वरांचे उच्चार झपाट्याने बदलत होते. लेखन गोठले, बोली मात्र वाहत राहिली. ‘फूड’, ‘गुड’ आणि ‘ब्लड’ या तिन्ही शब्दांत दोन ‘ओ’ असूनही त्यांचे उच्चार तीन प्रकारचे होतात, ते याच विसंगतीमुळे.

पंडितांनी घातलेली भर

दुसऱ्या वर्गातील अक्षरे इंग्रजीत मुळात नव्हतीच. ‘डेट’ हा शब्द फ्रेंचमधून ‘बी’विनाच आला होता. प्रबोधनकाळातील विद्वानांना लॅटिनचे मोठे आकर्षण होते. ‘डेबिटम’ या मूळ लॅटिन शब्दाशी असलेले नाते दिसावे म्हणून लेखनात ‘बी’ घालण्यात आला. ‘डाउट’ आणि ‘रिसीट’ यांच्या बाबतीतही तसेच घडले. शेक्सपिअरने ‘लव्ह्ज लेबर्स लॉस्ट’ या नाटकात या पांडित्याची थट्टा केली आहे. त्यातील होलोफर्निस नावाचा पंतोजी, लोक ‘बी’चा उच्चार करत नाहीत म्हणून संतापतो.

‘आयलंड’मधील ‘एस’ ही तर सरळ चूक आहे. हा शब्द अस्सल जुन्या इंग्रजीतील असून त्यात ‘एस’ कधीच नव्हता. त्याच अर्थाचा, पण लॅटिन ‘इन्सुला’पासून फ्रेंचमार्गे आलेला ‘आइल’ हा शब्द त्याचा नातेवाईक समजला गेला आणि त्याचा ‘एस’ याला चिकटला. ‘शुड’ आणि ‘वुड’ यांतील ‘एल’ मूळचा आहे. ‘कुड’मधील ‘एल’ मात्र त्या दोघांचे पाहून आलेला आहे. काही शब्दांत तर लेखनानेच उच्चार बदलला. ‘फॉल्ट’मध्ये ‘एल’ आधी केवळ लिहिला गेला. लोक तो उच्चारू लागले ते पुढे.

सुधारणा का होत नाही?

उच्चारात नसलेली चिन्हे मराठीतही होती. जुन्या पुस्तकांत ‘नांव’, ‘कांहीं’ अशी रूपे आढळतात. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ मध्ये मान्य झालेल्या लेखननियमांनी असे अनुच्चारित अनुस्वार काढून टाकले. इंग्रजीसाठी असा अधिकार असलेली संस्थाच नाही. जोनाथन स्विफ्ट यांनी १७१२ मध्ये भाषेच्या नियमनासाठी मंडळ स्थापण्याचा प्रस्ताव मांडला. तो फळाला आला नाही. अमेरिकी कोशकार नोआ वेब्स्टर यांनी पुरस्कारलेली ‘कलर’ आणि ‘सेंटर’ यांची सुटसुटीत रूपे अमेरिकेत रुजली. परंतु ‘टंग’ हा शब्द टी-यू-एन-जी असा लिहावा, ही त्यांची सूचना लोकांनी स्वीकारली नाही.

शिवाय उच्चाराप्रमाणे लिहायचे, तर कोणाच्या? लंडन, न्यूयॉर्क आणि चेन्नई येथील उच्चार एकसारखे नाहीत. काही मूक अक्षरे उपयोगीही ठरतात: ‘साइन’मध्ये गप्प असलेला ‘जी’ ‘सिग्नेचर’मध्ये बोलू लागतो आणि दोन्ही शब्दांचे नाते उघड करतो.

अमेरिकेतील राष्ट्रीय ‘स्पेलिंग बी’ स्पर्धेत २०१९ मध्ये आठ संयुक्त विजेते ठरले. त्यांपैकी सात भारतीय वंशाचे होते. या स्पर्धेत स्पर्धकाला अक्षरे सांगण्यापूर्वी शब्द कोणत्या भाषेतून आला, हे विचारण्याची मुभा असते. वर्गात मात्र हा प्रश्न क्वचितच विचारला जातो आणि पाठांतराचा भार तेवढा वाढत राहतो.