जिनिंगमधला हंगामी डेटा अ‍ॅनालिस्ट: गैरसमज आणि वस्तुस्थिती

डेटा अ‍ॅनालिस्टचं काम पुण्या-बंगळूरच्या आयटी कंपन्यांतच असतं, खामगाव-मलकापूरच्या एमआयडीसीत त्याला कोण विचारतो, असा आपल्याकडे पक्का समज आहे. पण ही विद्या कारखान्यातही वाढली. यंत्राची नेहमीची चढउतार कोणती आणि खरा बिघाड कोणता, हे आकड्यांवरून ओळखणारा नियंत्रण आलेख वॉल्टर शूहार्ट यांनी 1924 साली अमेरिकेत, टेलिफोनची उपकरणं बनवणाऱ्या उद्योगासाठी मांडला. तेव्हा संगणकही नव्हता.

आता बुलढाण्यातली जिनिंग घ्या. रोज 500 क्विंटल कापसातून सरकी वेगळी केली जात असेल आणि रुईचा उतारा एका टक्क्याने घटला, तर दिवसाला 5 क्विंटल रुई कमी पडते; 170 किलोच्या जवळपास तीन गाठी. मालक म्हणेल, हे तर मुनीमही सांगतो. सांगतो, पण दिवसाच्या बेरजेत. तूट ओलाव्यामुळे, वाणामुळे की एखाद्या यंत्राचा रोलर झिजून सरकीवर रुई राहिल्यामुळे, हे कळायला गाडीवार, यंत्रवार, पाळीवार नोंद लावावी लागते. त्यासाठी सॉफ्टवेअरपेक्षा फिटरशी बोलणं अधिक उपयोगी पडतं (साधी एक्सेलही पुरते). हंगाम संपला की माणूस जाणार, मग उपयोग काय, हा आक्षेप मात्र रास्त आहे. त्यावर उपाय एकच: नोंदीची रीत लिहून ठेवून ती मुनीम आणि फिटरच्या हाती देणं. तेवढं झालं नाही, तर पगार वायाच गेला म्हणायचा.

‘तात्पुरत्याला कसला पीएफ?’ हा समज सगळ्यांत महागात पडतो. पीएफचा कायदा लागू असलेल्या, म्हणजे साधारणपणे 20 किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनेत, पीएफ लागू होणारं वेतन 15,000 रुपयांपर्यंत असेल तर कामगार पहिल्या दिवसापासून सदस्य होतो. मग तो कंत्राटदाराचा का असेना. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या कामगार संहितांनुसार, ठरावीक मुदतीच्या थेट नेमणुकीत ग्रॅच्युइटीसाठी पाच नव्हे, एक वर्षाची सेवा पुरते. चार-सहा महिन्यांच्या हंगामात तेवढी सेवा भरेलच असं नाही, हे खरं; पण कारखान्याची थेट मुदतीची नेमणूक आणि कंत्राटदाराकडची नोकरी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. म्हणून रुजू होण्याआधी नेमणूकपत्र मागा आणि त्यावर मालक म्हणून कोणाचं नाव आहे, ते वाचा.