‘पालक’ कोणाला म्हणायचं?

आज कॅथलिक शाळा आणि पालक यांविषयी बोलू. कोल्हापुरात सेंट झेवियर्स, होली क्रॉस ही नावं कोणाला नवी नाहीत. तिथे शिकणारी बहुतेक मुलं मराठा, जैन, लिंगायत, मुस्लिम अशा घरांतली. म्हणजे पालकांबद्दल चर्च काय म्हणतं, हा आपल्याही घरचा प्रश्न झाला.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली शिक्षणाविषयी जाहीरनामा काढला. आई-वडील हेच मुलाचे पहिले आणि प्रमुख शिक्षक, असं तो सांगतो. का? तर त्यांनी मुलाला जन्म दिला म्हणून. हे कारण नीट बघा. कर्तव्य इथे जन्माला बांधलं आहे. इंग्रजीतला ‘पेरेंट’ शब्दही लॅटिनमधल्या जन्म देण्याच्या क्रियापदावरून आलेला. आपला ‘पालक’ मात्र पालन करण्यावरून आला. जन्म कोणी दिला, हे तो विचारतच नाही. आणि कोल्हापूरला हे नवं नाही. शाहू महाराजांच्या काळात इथे वसतिगृहं उभी राहिली, तेव्हा खेड्यातून आलेल्या पोरांची पालक ती संस्थाच झाली होती.

आता आजची घरं बघू. पूर्वी पेठेतल्या एकत्र कुटुंबात शाळेचं पत्र काका वाचायचे, डबा आत्या करायची, सही आजोबांची. आज मुलगा-सून पुण्याला किंवा बंगळुरूला, नातू इथे आजीकडे. कुठे वडील आखातात. कुठे घटस्फोटानंतर आई एकटी, शिरोलीच्या एमआयडीसीत कामाला. आणि पालकसभा? कामाच्या दिवशी सकाळी अकराला! घरात कोणीतरी दिवसा मोकळं असतंच, हे आपण धरून चालतो. खुर्ची रिकामी दिसली की म्हणतो, ‘पालकांना आस्था नाही.’ रोज दप्तर भरणारी आजी सभेला गेलीच, तर तिला पहिला प्रश्न येतो, ‘आई-बाबा नाही आले?’ ती पुढच्या खेपेला कशाला जाईल?

यावर एक आक्षेप रास्त आहे. सगळेच पालक म्हटले, तर जबाबदार कोण? मूल आजारी पडलं, फी थकली, ताब्यावरून आई-वडिलांत वाद असला, तर शाळेला एक नक्की नाव लागतं. खरं आहे. पण सही करण्याचा अधिकार वेगळा आणि मुलाबद्दल बोलण्याचा वेगळा. पहिला कायद्याने ठरतो. दुसऱ्यासाठी ते मूल रोज कोणाच्या सहवासात आहे, हे शाळेने विचारलं पाहिजे.

गंमत अशी, की चर्चच्याच १९८३ च्या कायदेसंहितेत वाट आहे. ७९३ वं कलम ‘आई-वडील आणि त्यांच्या जागी असणारे’ अशा दोघांनाही शिक्षणाचं कर्तव्य आणि हक्क देतं. ७९६ वं शिक्षकांना सांगतं, पालकांचं मनापासून ऐकून घ्या. तेव्हा आजीला खुर्ची द्यायला धर्मशास्त्र बदलायला नको, प्रवेशअर्जात एक रकाना वाढवला की झालं. आणि सभा एखाद्या रविवारी दुपारी ठेवली तर बिघडतं कुठे?

महाराष्ट्राच्या २०११ च्या शुल्क कायद्याने पालक-शिक्षक संघ सक्तीचा केला, त्याची कार्यकारी समिती सोडतीने निवडायची. सोडतीच्या डब्यात कोणाच्या नावाची चिठ्ठी टाकायची, हे ठरवताना मात्र अजून बहुतेक ठिकाणी जन्मदाखलाच समोर असतो. पुढच्या वेळी ताब्याचा वाद आणि शाळा, हा भाग घेऊ.