पायाला कळणारे ३५ मिलिमीटर

जिना चढताना कुणी पायऱ्यांकडे बघत नाही. पहिल्या दोन-तीन पायऱ्यांतच पायाला उंचीचा अंदाज येतो आणि पुढे तो आपोआप तेवढाच उचलला जातो. मधली एखादी पायरी बोटभर उंच निघाली की ठेच लागते, बोटभर खाली निघाली की पाय दणकन आपटतो. मी वास्तुरचनेच्या कामात आहे, जिने रेव्हिट या सॉफ्टवेअरमध्ये उभे करते आणि या बोटभर फरकाची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते.

सध्या हातात एका तालुक्याच्या गावातलं वाचनालय आहे. खाली वर्तमानपत्रं आणि मुलांचा विभाग, वर अभ्यासिका. दोन मजल्यांतली उंची, तयार फरशीपासून तयार फरशीपर्यंत, ३३०० मिमी. घरातल्या जिन्याला राष्ट्रीय इमारत संहिता १९० मिमीपर्यंत रायझर, म्हणजे पायरीची उंची, चालवून घेते. सार्वजनिक इमारतीत मात्र १५० च्या वर जाता येत नाही आणि पाऊल ठेवायची जागा, म्हणजे ट्रेड, ३०० पेक्षा कमी करता येत नाही. ३३०० ला १५० नं भागलं की २२ रायझर. दोन रायझर आणि एक ट्रेड मिळून माणसाचं एक पाऊल व्हावं, असा हिशेब फ्रान्सच्या फ्रांस्वा ब्लाँदेलनं सतराव्या शतकात मांडला. आमच्या जिन्यात ती बेरीज ६०० येते. वयस्क वाचकांना आणि शाळेतल्या पोरांना झेपेल असा हा चढ आहे.

सॉफ्टवेअरला खालची पातळी, वरची पातळी आणि रायझरची संख्या सांगितली की ओढायला सुरुवात करायची. माउस सरकतो तसा करड्या अक्षरांत हिशेब दिसत राहतो: ११ रायझर झाले, ११ बाकी. तिथं थांबायचं, लँडिंगपुरती जागा सोडायची आणि उलट दिशेनं परत यायचं. बाकी शून्य होते, मधलं लँडिंग आपलं आपण तयार होतं, दोन्ही कडांना रेलिंगही उभं राहतं. नव्यानं शिकणारी मुलं इथं खूश होतात आणि पुढच्या कामाला लागतात. माझ्या मते खरं काम इथून सुरू होतं.

कारण पडद्यावर दिसतोय तो तयार जिना आहे, आणि साइटवर आधी ओतायचं असतं काँक्रीट. या दोघांच्या मध्ये फरशी असते. वाचनालयाच्या दालनांत कोटा आहे, खालच्या मसाल्यासकट ७५ मिमी जाडीचा. पायऱ्यांवर आणि मधल्या लँडिंगवर ग्रॅनाइट, मसाल्यासकट ४० मिमी. आता सेंटरिंगच्या सुतारानं स्लॅब ते स्लॅब टेप लावला, ३३०० मोजले आणि २२ सारखे भाग पाडले, तर काँक्रीटच्या सगळ्या पायऱ्या १५० च्या होतील. त्याचं काम चोख. पण फरशी बसली की पहिली पायरी ११५ ची उरते आणि शेवटची १८५ ची होते. म्हणजे चढणाऱ्याचा पाय नेमका वर पोहोचता पोहोचता अडखळणार, ३५ मिमीनं. अशा शेवटच्या पायऱ्या आपल्याकडे दवाखान्यांत, शाळांत, कचेऱ्यांत किती ठिकाणी भेटतात! लोक त्यांना सरावतात, नवखा माणूस मात्र पडतो.

यावर उपाय म्हणजे जिना पाऊल जिथं टेकणार त्या पृष्ठभागापासून मोजायचा आणि काँक्रीट त्याच्या खाली उतरवायचं. तसं केलं की पहिला काँक्रीट रायझर १८५ येतो, मधले १५०, शेवटचा ११५. मॉडेलमध्ये मी पातळ्या तयार फरशीच्या ठेवते, पायरीला ग्रॅनाइटची जाडी वेगळी देते आणि पहिली फ्लाइट, म्हणजे लँडिंगपर्यंतची पायऱ्यांची ओळ, रायझरच्या तळाखाली ७५ मिमी वाढवते, म्हणजे ती फरशीवर तरंगत न राहता स्लॅबला जाऊन टेकते. हे न केलेलं मॉडेल वरून बघताना निर्दोष दिसतं. उभा छेद घेतला की फट दिसते. म्हणून जिन्याचं मॉडेल मी छेदातच तपासते. डोक्यावरची उंची २२०० मिमी सुटते का, तेही तिथंच कळतं. मधलं लँडिंग १६५० वर आहे, त्याच्या खालून कुणी जाऊ शकत नाही, तेव्हा तिथं दार ठेवून जुनी बांधीव पुस्तकं ठेवायला कोठार केलं.

ड्रॉईंग साइटवर गेल्यावर मिस्त्रींचा फोन आला.

“मॅडम, पहिली पायरी उंच आणि शेवटची बुटकी दाखवलीये. असंच ठेवायचं ना?”

“असंच ठेवा मिस्त्री. फरशी बसली की सगळ्या सारख्या होतील.”

“मग बरोबर. भिंतीवर लेव्हल मारून घेतो.”

त्यांनी विचारलं याचं मला फार बरं वाटलं. हा प्रश्न ज्या साइटवर कुणाला पडत नाही, तिथं ड्रॉईंग कितीही नेमकं असलं तरी पायऱ्या सारख्याच पाडल्या जातात.

आता रेलिंग. अशा लँडिंगवरून उलट वळणाऱ्या, म्हणजे डॉगलेग, जिन्यात दोन फ्लाइट शेजारी शेजारी असतात आणि सहसा दोन्हींच्या पायऱ्या लँडिंगपाशी एकाच रेषेत आखल्या जातात. नकाशात ते नीटनेटकं दिसतं. पण वर बघा: खालून येणारं हँडरेल त्या रेषेवर एका उंचीला पोहोचतं, आणि वर जाणारं तिथूनच सुरू होताना एका रायझरनं, १५० मिमीनं, वर असतं. वळणाच्या चिंचोळ्या जागेत ही उडी कुठं मारायची? सॉफ्टवेअर इशारा देतं की रेल सलग नाही. हा भूमितीचा पेच आहे, त्यामुळे सेटिंग बदलून तो दडवता येईल, सुटणार नाही. साइटवर फॅब्रिकेटर तिथं उभा तुकडा जोडतो, आणि हात नेमका तिथं सुटतो.

वरची फ्लाइट एक ट्रेड, म्हणजे ३०० मिमी, लँडिंगपासून लांब सरकवली की दोन्ही हँडरेल लँडिंगच्या कडेवर एकाच उंचीला भेटतात. शिवाय दोन्ही फ्लाइटच्या तिरप्या स्लॅबच्या, ज्यांना आम्ही वेस्ट स्लॅब म्हणतो, खालच्या बाजूही लँडिंगखाली एकाच सरळ रेषेत मिळतात. सेंटरिंग सोपं होतं, प्लास्टरची धार सरळ येते. जुन्या ड्राफ्ट्समनना ही युक्ती कागदावर पाठ होती. किंमत एवढीच, की जिन्याची खोली ३०० मिमीनं लांबते. वाचनालयात ती जागा मी वरच्या मजल्याच्या लॉबीतून घेतली, आणि त्यासाठी वाद घालावा लागला. त्या ३०० मिमीत एक कपाट बसलं असतं, हे खरंच आहे. पण आजोबांचा हात वळणावर सुटू नये, हे मला कपाटापेक्षा मोलाचं वाटतं.

आता वाचनालयाच्या दारासमोरचा रॅम्प. त्याचा हिशेब छोटा आहे, जागेची भूक मोठी. जोतं ६०० मिमीचं, चढ १:१२, म्हणजे निव्वळ उतार ७२०० मिमी लांब. शिवाय मध्ये आणि वर चाकाची खुर्ची फिरेल अशी १५०० ची सपाट जागा. समोरच्या अंगणात एवढी सरळ लांबी नव्हती, म्हणून रॅम्प मध्ये काटकोनात वळवला. मॉडेलमध्ये मी रॅम्पचं साधन न वापरता उतार दिलेलं फ्लोअर वापरते, कारण त्यात काँक्रीट, मसाला, खडबडीत फरशी असे थर वेगळे देता येतात आणि पायथ्याशी फरशी रस्त्याला कशी मिळते ते दाखवता येतं. मात्र मग रेलिंगला हे फ्लोअर आपला आधार आहे असं सांगावं लागतं, आणि सपाट टप्प्यावर रेल सपाट राहतं का ते तुकड्या-तुकड्यानं तपासावं लागतं.

रॅम्पच्या दोन्ही बाजूंना दोन हँडरेल: एक ९०० मिमीवर, एक ७०० वर. खालचं खुर्चीतल्या माणसासाठी आणि लहान मुलांसाठी. दोन्ही रेल उताराच्या टोकापुढे ३०० मिमी सपाट जायला हवेत, कारण ज्याला नीट दिसत नाही त्याला उतार संपल्याचं हातानंच कळतं. टोक भिंतीकडे वळवून बंद करायचं, नाहीतर शर्टाची बाही, पदर, पिशवीचा बंद त्यात अडकतो. हे ३०० मिमी शीटवर वेगळे दाखवले नाहीत तर पाइप उतार संपतो तिथंच कापला जातो. म्हणून या टोकाचा डिटेल मी १:५ मध्ये स्वतंत्र काढते आणि त्याला रेलिंगच्याच शीटवर, फॅब्रिकेटरच्या पाइपांच्या यादीशेजारी जागा देते.