हत्तींच्या कळपात आजीचं चालतं

बसा पोरांनो, सरकून बसा. वैनगंगेच्या पलीकडे, वडशाच्या बाजूला रानटी हत्ती आले होते, हे तुम्ही ऐकलंच असेल. ऑक्टोबर २०२१मध्ये छत्तीसगडातून कळप गडचिरोलीत उतरला आणि धानाच्या बांध्या तुडवत, पुंजणे विस्कटत तालुक्या-तालुक्यांतून हिंडला. यांचा म्होरक्या कोण म्हटलं, की सगळे बोट दाखवतात मोठ्या सुळेवाल्याकडे.

तो नव्हेच! कळपात असतात आज्या, मावश्या, लेकी आणि त्यांची पिल्लं. नर दहा-पंधरा वर्षांचा झाला की त्याला कळप सोडावा लागतो. मग तो एकटा, नाही तर दोस्तांबरोबर भटकतो. लेकी मात्र मायजवळच राहतात. आपल्याकडच्या अगदी उलट, माहेर सोडायचं ते पोरानं! वाट दाखवते ती बहुधा जुनी, वयस्क मादी. अंगानं नर तिच्याहून मोठा, तरी मान तिला.

का, ते टांझानियातल्या तारंगिरे उद्यानात दिसलं. १९९३मध्ये तिथं भीषण दुष्काळ पडला. नऊ महिन्यांत ८१ पिल्लांपैकी १६ दगावली. काही कळप वेळीच उद्यान सोडून पाण्याकडे निघून गेले आणि त्यांची पिल्लं जास्त वाचली. त्या कळपांत १९५८ ते १९६१चा दुष्काळ सोसलेल्या म्हाताऱ्या माद्या होत्या. थांबलेल्या कळपातल्या माद्या त्या मानानं तरुण. तो दुष्काळ त्यांनी पाहिलाच नव्हता. तीस-पस्तीस वर्षांपूर्वीची वाट म्हातारीच्या ध्यानात होती, बघा!

आपल्याकडच्या हत्तींत मात्र म्हातारीची हुकूमत आफ्रिकेतल्याएवढी घट्ट नसते. त्यांचे घोळके जुळतात, फुटतात, पुन्हा भेटतात. माणसाला ऐकू न येणाऱ्या खोल आवाजात माद्या दुरून एकमेकींना हाका घालतात.

माणसांत असं कुठं आहे, म्हणाल. मेघालयातल्या खासींमध्ये पोराला आडनाव मायचं लागतं, आणि वडिलोपार्जित घर धाकट्या लेकीकडे जातं. सुमात्रा बेटावरच्या मिनांगकाबाऊ लोकांमध्येही घर आणि भातशेती मायकडून लेकीकडे जाते. पण त्याला बायकांचं राज्य म्हणायची घाई नको. खासींत मामाचा शब्द वजनदार असतो आणि गावच्या दरबारात पूर्वापार पुरुषच बसत आले. आपल्या गोंड-माडियांत तर कूळ बापाचंच. आदिवासी म्हटलं की तिथं बाईचं राज्य, असं कुणी शहरातून येऊन सांगितलं, तर माना डोलवू नका.

आता कामाचं ऐका. रानात हत्तीचं पिल्लू एकटं दिसलं तरी जवळ जायचं नाही, फोटो काढायचा नाही. त्याची माय, मावशी, आजी आसपासच असतात. आल्या वाटेनं गुपचूप मागे फिरायचं आणि वनरक्षकाला कळवायचं.