जंगल, उत्खनन आणि मानववंशशास्त्र : नागपुरातून सुरू होणाऱ्या करिअरच्या तीन वाटा

ग्रॅज्युएशन होत आलं की नागपुरातल्या बऱ्याच घरांत एकच वाक्य ऐकू येतं, "पुण्याला जा, आयटीत लाग." मी स्वतः इंजिनिअरिंग करून सॉफ्टवेअरमध्येच काम करतो, त्यामुळे त्या वाटेला नावं ठेवणार नाही. पण वन्यजीव, पुरातत्त्व आणि मानववंशशास्त्र या तीन क्षेत्रांची मोठी कार्यालयं आपल्याच शहरात आहेत आणि तिथलं बरंचसं काम आता डेटाचं झालंय, हे फार कमी जणांना माहीत असतं.

राज्याच्या वनविभागाचं मुख्यालय सिव्हिल लाइन्समध्ये आहे. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचं नागपूर मंडळ, एक उत्खनन शाखा आणि प्रागैतिहासिक शाखा इथे आहे. अँथ्रोपॉलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियाचं मध्य विभागाचं केंद्रही नागपुरातच आहे. नकाशे आणि उपग्रहचित्रांवर काम करणारं राज्याचं एमआरसॅक आणि इस्रोचं विभागीय केंद्रही इथंच. म्हणजे चौकशीसाठी रेल्वेचं तिकीट काढायची गरज नाही.

१. वन्यजीव : वाघ मोजतात कसे?

महाराष्ट्रात २०१४ साली अंदाजे १९० वाघ होते, २०१८ मध्ये ३१२ आणि २०२२ मध्ये ४४४. हे आकडे येतात कॅमेरा ट्रॅपमधून. समोरून काही हललं की हा कॅमेरा आपोआप फोटो काढतो. वाघाच्या डाव्या आणि उजव्या अंगावरचे पट्टे वेगवेगळे असतात, म्हणून वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर कॅमेरे लावतात. प्रत्येक वाघाचे पट्टे आपल्या बोटांच्या ठशांसारखे वेगळे असल्यामुळे कोणता फोटो कोणत्या वाघाचा, हे सॉफ्टवेअर जुळवून दाखवतं.

२०१८ च्या गणनेत देशभर २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लावले गेले आणि जवळपास साडेतीन कोटी फोटो जमले. त्यातले वाघाचे होते फक्त ७६,६५१. बाकी चितळ, सांबर, गुरं, माणसं, हलणारं गवत! एवढे फोटो डोळ्यांनी निवडणं शक्य नाही, म्हणून प्राणी ओळखून फोटो वेगळे करणारं एआय सॉफ्टवेअर वापरलं गेलं. वनरक्षक पायी गस्त घालताना एम-स्ट्राइप्स या मोबाईल अ‍ॅपमध्ये ठसे, विष्ठा, अवैध तोड अशा नोंदी करतात. ही माहिती साफ करणं, नकाशावर मांडणं, तिचं गणित करणं यासाठी माणसं लागतात. पायथन, आर आणि क्यूजीआयएस येणाऱ्या जीवशास्त्राच्या मुलांना इथे किंमत आहे.

२. पुरातत्त्व : खोदण्याआधी आणि खोदल्यानंतर

नागपूरच्या आसपास जुनापाणी, माहूरझरी, टाकळघाट अशा ठिकाणी लोहयुगातली शिळावर्तुळं आहेत, म्हणजे दगडांची वर्तुळं करून केलेली दफनं. पारशिवनी तालुक्यात नायकुंडला त्याच काळातली लोखंड गाळायची भट्टी सापडली. रामटेकजवळ नगरधनला २०१५ ते २०१८ मधल्या उत्खननात वाकाटक राणी प्रभावतीगुप्ताच्या नावाची मातीची मुद्रा मिळाली.

यात टेक्नॉलॉजी कुठे आली? उत्खनन एकदाच करता येतं. वरचा थर काढला की तो परत बसवता येत नाही, म्हणून नोंद हाच खरा पुरावा उरतो. पूर्वी ती फक्त हाताने काढलेल्या चित्रांत व्हायची. आता ड्रोनने किंवा साध्या कॅमेऱ्याने एकावर एक येणारे शेकडो फोटो काढतात, सॉफ्टवेअर त्यातले सामाईक बिंदू शोधतं आणि खड्ड्याचं थ्रीडी मॉडेल बनतं. याला फोटोग्रॅमेट्री म्हणतात. शिळावर्तुळं तर उपग्रहचित्रातही शोधता येतात. शहर चारही बाजूंनी वाढत असताना, लेआउट पडायच्या आधी ती नकाशावर येणं महत्त्वाचं आहे.

३. मानववंशशास्त्र : माणसांचा अभ्यास

हे क्षेत्र सगळ्यात कमी ओळखीचं. माणसं कशी राहतात, काय खातात, नाती कशी मोजतात, याचा प्रत्यक्ष त्यांच्यात राहून केलेला हा अभ्यास. महाराष्ट्रात कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या तीन जमाती विशेष असुरक्षित मानल्या जातात. त्यातल्या दोन आपल्या विदर्भात आहेत. त्यांच्या आरोग्याच्या किंवा शिक्षणाच्या योजना आखायच्या तर आधी त्यांचं जगणं समजायला हवं.

वनहक्क कायदा २००६ चा. गडचिरोलीतल्या लेखा-मेंढा गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. असे दावे करताना गावाच्या वापरातलं जंगल नेमकं कुठवर आहे, हे दाखवावं लागतं. तिथे गावातली जाणती माणसं आणि जीपीएस दोन्ही लागतात. गोंडी किंवा माडिया बोलणारा, मोबाईलवर नकाशा करू शकणारा स्थानिक मुलगा किंवा मुलगी इथे बाहेरच्या तज्ज्ञापेक्षा पुढे असते. खासगी क्षेत्रातही वाव आहे. इंटेलने १९९८ मध्येच जेनेव्हिव्ह बेल या मानववंशशास्त्रज्ञाला नोकरी दिली होती. लोक एखादं उपकरण खरंच कसं वापरतात, हे कंपन्यांनाही कळायला हवं असतं.

थेट आर्क्टिकपर्यंत

पर्यावरणाच्या अभ्यासाची हीच वाट आणखी उत्तरेला जाते. नॉर्वेच्या स्वालबार्डमध्ये भारताचं हिमाद्री केंद्र २००८ पासून आहे, आणि डिसेंबर २०२३ पासून तिथे भर हिवाळ्यातही भारतीय मोहिमा जाऊ लागल्या. ते चालवणारी एनसीपीओआर ही संस्था गोव्यात वास्कोला आहे. हवामान, हिमनद्या, समुद्री जीव अशा विषयांवर तिथे काम होतं. सेन्सरचा डेटा हाताळता येणं तिथेही उपयोगी पडतं.

आता डिग्री आणि पगाराचं बोलू

हे घरी सांगावं लागणार आहे, म्हणून स्पष्टच सांगतो. सुरुवातीची बरीच कामं प्रोजेक्टवरची, कंत्राटी असतात. प्रोजेक्ट संपलं की काम संपतं. नेट पास होऊन जेआरएफ मिळाली तर २०२३ पासून महिन्याला ३७,००० रुपये आणि घरभाडं मिळतं. तीही फेलोशिप आहे, नोकरी नाही. कायमच्या पदांसाठी परीक्षा आणि ठरलेली डिग्री लागते. फक्त कोडिंगवर ती पदं मिळत नाहीत.

- वनविभाग : वनरक्षक पदासाठी बारावी, महाराष्ट्र वनसेवेसाठी एमपीएससी, भारतीय वनसेवेसाठी यूपीएससी. शेवटच्या परीक्षेला इंजिनिअरही बसू शकतात.
- वन्यजीव संशोधन : डेहराडूनची वाइल्डलाइफ इन्स्टिट्यूट आणि बेंगळुरूची एनसीबीएस इथे एमएस्सी.
- पुरातत्त्व : नागपूर विद्यापीठाचा प्राचीन भारतीय इतिहास, संस्कृती व पुरातत्त्व विभाग, पुण्याचं डेक्कन कॉलेज, ग्रेटर नोएडाची पुरातत्त्व संस्था.
- मानववंशशास्त्र : या विषयात एमए किंवा एमएस्सी, मग नेट. यूपीएससीला हा वैकल्पिक विषयही आहे.

आधी मोबाईलवर ट्रायल घ्या

दोन वर्षं आणि फी घालण्याआधी एक महिना हे करून बघा.

१. आयनॅचरलिस्ट अ‍ॅप टाका. रोज अंबाझरी किंवा गोरेवाड्याच्या बाजूला दिसलेल्या पाच जिवांचे फोटो टाका आणि नाव ओळखायचा प्रयत्न करा. पक्ष्यांसाठी ईबर्ड आहे.

२. कॅमेऱ्याचं लोकेशन चालू करा. प्रत्येक फोटोच्या फाइलमध्ये अक्षांश-रेखांश नोंदले जातात. मोकळ्या आकाशाखाली फोनची चूक साधारण पाच मीटर असते. व्हॉट्सअ‍ॅपवर तो फोटो म्हणून पाठवला तर ही माहिती निघून जाते, डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर टिकते.

३. लॅपटॉपवर क्यूजीआयएस फुकट मिळतं. महिनाभराचे फोटो त्यावर ठिपके म्हणून मांडा.

४. घरातल्या आजी-आजोबांकडून त्यांच्या गावाची माहिती घ्या. रेकॉर्डिंगआधी परवानगी मागा आणि मग एक तासाचं बोलणं शब्दशः टाइप करा. हे कंटाळवाणं वाटलं, तर मानववंशशास्त्राचा पुन्हा विचार करा.

दोन गोष्टी मात्र पाळा. वाघाचं किंवा घरट्याचं ताजं लोकेशन सोशल मीडियावर टाकू नका, शिकारीही तेच शोधत असतात. आणि शिळावर्तुळाचा दगड हलवू नका, खापर उचलून घरी आणू नका. फोटो आणि लोकेशन घ्या आणि पुरातत्त्व कार्यालयाला कळवा.

तिसऱ्या आठवड्यात, ऊन आणि धूळ खाऊनही तुम्ही नोंदी करत असाल तर हे काम तुमच्या स्वभावाला जुळतंय. मग म्युझियम बघायला आणि माणसांशी बोलायला त्या कार्यालयांत जाऊन या. आणि ट्रायल पाचव्या दिवशीच सुटली, तरी एक महिन्यात उत्तर मिळालं. दोन वर्षं वाचली, फीसुद्धा.