टॅग किती लांबून वाचला जातो?

१५ फेब्रुवारी २०२१ च्या मध्यरात्रीपासून राष्ट्रीय महामार्गांवर फास्टॅग सक्तीचा झाला. पाडळसिंगीच्या नाक्यावर काचेवरचा टॅग काही मीटरवरून वाचला जातो, हे आपण पाहतोच. आपल्या वजनकाट्याचे टॅगही त्याच जातीचे. त्यात बॅटरी नसते. रीडरच्या लहरींवरच ते चालतात. लोखंड या लहरी अडवते, पाणी त्या शोषते. म्हणून आम्ही सांगतो, टॅग थेट पत्र्यावर चिकटवू नका, ओल्या वाढ्यांखाली झाकू नका. ट्रकला समोरच्या काचेवर आतून लावा. ट्रॅक्टरला मध्ये जाड प्लास्टिकचा तुकडा घाला. टॅग वाचला नाही तर नंबर रखडतो, तोडलेला ऊस वाळतो अन् वजनातली घट आपल्याच बिलात येते.